न मागणारा तोरोमोन

नुकामारे बेटावर मागण्याची लाज कोणालाच नाही. लाज आहे ती नाही म्हणण्याची. शेजारीण तुमच्या दारात येऊन बसते, दोन घोट नीरा घेते, आपल्या सुनेला, डुकरांना आणि पाद्रीबुवांना क्रमाने नावं ठेवते आणि मग तुमच्या सायकलकडे बघत हळूच म्हणते, "बुबुसी". झालं. सायकल तिची. हा शब्द एकदा उच्चारला गेला की तुम्ही फक्त हसायचं आणि चाकात हवा भरून द्यायची. पुढे केव्हातरी तुम्ही तिच्या दारात बसाल, तिची नीरा प्याल आणि तिच्या मोठ्या पातेल्याकडे बघाल, तेव्हा हवा भरायची पाळी तिची. त्यामुळे बेटावरची प्रत्येक वस्तू कधी ना कधी प्रत्येक घरी नांदून आलेली असते. नर्स ताओरिबाबाईंची छत्री सहा वर्षांनी माहेरी परत आली तेव्हा तिच्या दोनच काड्या शिल्लक होत्या; तरी बाईंनी तिला कौतुकाने घरात घेतलं.

अशा बेटावर तोरोमोनने तीस वर्षांत कोणाकडे काहीही मागितलं नव्हतं.

तो मूळचा दक्षिणेकडच्या बेटावरचा. तरुणपणी परदेशी जहाजांच्या इंजिन-खोलीत तेलपाण्याचं काम करायचा. एका दोस्ताच्या लग्नाला म्हणून नुकामारेला आला, तिथे आरोइताला नाचताना पाहिलं आणि परतीची बोट चुकली. बोट चुकली असं तो सांगत असे. बोट पुढे दोन दिवस धक्क्याला उभी होती असं गाव सांगत असे.

लग्न झालं आणि तो ताबोनमारे गावात, बायकोच्या माणसांत राहायला आला. आरोइताचा थोरला भाऊ ब्वेरे हा गावातला वजनदार म्हातारा. वजनदार दोन्ही अर्थांनी. तो बसला की चटईच्या बाकीच्या टोकांवर बसलेले लोक किंचित वर उचलले जात. तो तोरोमोनला पहिल्या दिवसापासून 'जावईबुवा' म्हणायचा, आणि जावईबुवा काही मागत नाहीत हे त्याच्या जिवाला फार लागलं होतं. एकदा वादळात तोरोमोनच्या घराचं छप्पर उडालं. दुसरा कोणी असता तर संध्याकाळपर्यंत चार घरांतून झावळ्या गोळा करून आणल्या असत्या. तोरोमोनने होडी पालथी घातली, बायकोला तिच्याखाली बसवलं आणि एकोणीस दिवस स्वतः झावळ्या विणत बसला.

"अरे, एक शब्द बोलला असतास तर?" ब्वेरे भडकला. "माझी बहीण खेकड्यासारखी होडीखाली राहतेय, आणि माझ्याकडे झावळ्यांचा ढीग सडतोय!"

"होतंय की," तोरोमोन म्हणाला. "वारा चांगला लागतो होडीखाली."

आरोइताला त्याचा हा स्वभाव ठाऊक होता. ती म्हणायची, "हा चर्चमध्येसुद्धा देवाकडे काही मागत नाही. नुसती हजेरी लावून येतो."

तसं बघायला गेलं तर यात गर्व नव्हता. परक्या बेटावरून आलेल्या माणसाला मनात कुठेतरी वाटत राहतं की आपण इथे जागा अडवून बसलोय. निदान भांडी तरी अडवू नयेत. एवढंच. पण अशी सवय तीस वर्षं जोपासली की ती हाडात मुरते, आणि हाडातली गोष्ट लोकांना गर्वासारखीच दिसते.

आठ वर्षांपूर्वी परदेशातल्या कुठल्याशा संस्थेने बेटाला समुद्राचं पाणी गोडं करणारी दोन यंत्रं दिली, एक उत्तर टोकाच्या आनाबूके गावाला आणि एक ताबोनमारेला. आपलं यंत्र चालवणार कोण, असा प्रश्न मानेआबात, म्हणजे गावाच्या बैठकीच्या मोठ्या छपराखाली, निघाला. ब्वेरे उठला.

"पाणी वाटणारा माणूस असा हवा, की ज्याच्याकडे कोणाला बुबुसी करता येणार नाही. नाहीतर पहिल्याच आठवड्यात सगळं पाणी एका घरी जाईल. माझ्याच घरी जाईल, मी मला ओळखतो. आता या जावईबुवांचं बघा. आपल्यात यांचं रक्ताचं कोणी नाही. यांनी आजवर कोणाकडे काडीदेखील मागितली नाही. मग यांच्याकडे मागणार कोणत्या तोंडाने?"

सगळे हसले आणि तोरोमोनची नेमणूक झाली. घरटी रोज दोन बादल्या, यंत्रापाशी बुबुसी चालणार नाही, असा नियम ठरला.

यंत्र कसं चालतं हे त्याने मानेआबात समजावून सांगितलं. समुद्राचं पाणी पंपाने जोरात एका जाड नळीत दाबायचं. नळीत गुंडाळलेला एक पडदा असतो. पडद्यातून पाणी पलीकडे जातं, मीठ अलीकडे राहतं. दहा बादल्या आत घातल्या की तीन बादल्या गोड्या मिळतात.

"आणि सात?" ब्वेरेने विचारलं.

"त्या समुद्रात परत."

"सगळं मीठ घेऊन?"

"हो."

"म्हणजे समुद्र आणखी खारट. काही वर्षांनी आपण मासे धरायच्या ऐवजी लोणचंच धरणार म्हणा की!"

गावाने यंत्राचं नाव ठेवलं सासूबाई. दिवसभर कुरकुर करते, घेते दहा आणि देते तीन. पहिलं गोडं पाणी प्यायल्यावर लोकांची तोंडं पाहण्यासारखी झाली. जन्मभर मचूळ विहिरीचं पाणी प्यायलेली ही माणसं. त्यांना या पाण्यात काहीच लागेना. ब्वेरे तर आपल्या बादलीत गुपचूप करवंटीभर समुद्र मिसळून पीत असे. तोरोमोनला हे कळलं तेव्हा तो आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने ओरडला. "अख्खा दिवस मी ते मीठ काढतोय!" ब्वेरे शांतपणे म्हणाला, "तू काढ ना. तुझं काम तू कर. मी माझं करतो."

रोज सकाळी भरती ओसरली की तोरोमोन पाण्यात उतरून पाइपच्या तोंडाची चाळणी साफ करायचा. चाळणीत जगभरातली माणसं भेटत. अनोळखी लिपीतल्या बाटल्या, जाळ्यांचे तुकडे, टूथब्रश, बाहुलीचा एक हात, आणि चपला. त्याही कोण जाणे का, नेहमी डाव्या पायाच्या. जगात कुठेतरी उजव्या पायाची माणसं आनंदात हिंडत असली पाहिजेत. पहिल्या वर्षी दोन मुठी कचरा निघे. आठव्या वर्षी टोपलं भरू लागलं.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. चौदा महिने गेले. छपरांखालच्या टाक्या तळाला गेल्या. मोठ्या भरतीचं पाणी आधीच विहिरींत शिरलं होतं, ते आता तिथेच मुरून बसलं. नारळ मुठीएवढे राहिले. एरवी सासूबाई म्हणून चेष्टा होणाऱ्या यंत्रांवर दोन्ही गावांचा जीव टांगला गेला. आणि अशा वेळी उत्तर टोकाच्या खडकांवर एक परदेशी मासेमारी बोट चढली. बोटीवरची माणसं दुसऱ्या बोटीने निघून गेली. बोट राहिली, आणि तिच्या पोटातलं डिझेल थेंबाथेंबाने खाजणात उतरू लागलं.

पाचव्या दिवशी आनाबूकेची काबूता होडीने आली. तिकडचं यंत्र तीच चालवायची. तोरोमोननेच तिला शिकवलं होतं, म्हणून त्याला गुरुजी म्हणायची. पण अशा सुरात, की गुरुजींनी आपला सदरा चाचपून बघावा. त्या दिवशी ती चटईवर बसली, आरोइताने दिलेली नीरा घोटभर प्यायली आणि डुकरांना, सुनेला, कोणालाच नाव न ठेवता नुसती बसून राहिली. तोरोमोनला कळलं. त्याच्या दारात हे कधी घडलं नव्हतं, पण कळलं.

"तेल शिरलं, गुरुजी," ती म्हणाली. "पडदा गेला. पाण्याला इंजिनाचा वास येतो. लोक विहिरीचं पितात. दोन तान्ही पोरं पुरली आम्ही. अकरा पोरं आडवी आहेत."

तोरोमोनने तिची करवंटी पुन्हा नीरेने भरली.

"तुमच्या पलंगाखाली एक नवा पडदा आहे. पेटीतला."

"तो या गावाचा आहे, काबूता. मानेआबाचा नियम आहे..."

"नियम पाण्याचा आहे. पडदा म्हणजे पाणी नव्हे." तिने दोन्ही तळवे चटईवर टेकवले. "बुबुसी, गुरुजी."

तोरोमोनने आरोइताकडे पाहिलं. आरोइताला साखरेचा विकार होता. मूत्रपिंडं थकलेली, पाय सुजून भोपळ्यासारखे झाले होते. तिने मचूळ पाण्याला तोंड लावायचं नाही, असं ताओरिबाबाईंनी बजावलं होतं. बेटावर या यंत्राची सगळ्यात जास्त गरज कोणाला असेल तर तिलाच.

"माझ्याकडे काय बघतोस?" आरोइता म्हणाली. "मला वाकता येत नाही. पेटी तूच काढ."

पडदा आनाबूकेला गेला. पुढच्या बोटीने नवा पाठवा म्हणून तोरोमोनने राजधानीला रेडिओवरून निरोप दिला. 'पुढच्या आठवड्यात' असं उत्तर आलं.

आठवड्याने वारा फिरला. ताबोनमारेच्या किनाऱ्याला सकाळी पाण्यावर इंद्रधनुष्य पसरलेलं दिसलं. पोरं नाचली. तोरोमोनने धावत जाऊन पंप बंद केला. तीन दिवस तो गुडघाभर पाण्यात उभा राहून पाणी हुंगत होता. चौथ्या दिवशी तवंग नव्हता. टाकीत दोन बोटं पाणी उरलं होतं आणि बाहेर बादल्यांची रांग उभी होती.

"काचेसारखं आहे की रे," ब्वेरे पाण्यात हात घालून म्हणाला. "अजून किती हुंगशील? कुत्रासुद्धा एवढं हुंगत नाही."

तोरोमोनने ओंजळीत घेतलं. हुंगलं, जिभेला लावलं. काही नाही. त्याने पंप सुरू केला.

तेल वाळूत उतरून बसलं होतं. दुपारच्या भरतीने वाळू ढवळली आणि ते वर आलं. तवंग दिसावा एवढंही नाही, पण पडद्याला पुरून उरेल एवढं. संध्याकाळी नळाच्या पाण्याला त्याच्या तरुणपणीच्या इंजिन-खोलीचा वास येत होता. तेल एकदा त्या पडद्यात शिरलं की साबणाने निघत नाही, गरम पाण्याने निघत नाही, शिव्यांनीही निघत नाही. त्याने तिन्ही उपाय केले.

गावात कोणी त्याला बोल लावला नाही. ब्वेरेने तर सगळ्यांना सांगितलं, "माझ्यामुळे झालं. मीच घाई केली." एखाद्याने दोन शिव्या हासडल्या असत्या तर तोरोमोनला बरं वाटलं असतं. तो यंत्राच्या शेडमध्ये बसून राहायचा. यंत्र गप्प होतं, आणि सासूबाई गप्प बसल्यावर घर कसं भकास होतं ते गावाला तेव्हा कळलं.

आनाबूकेचं यंत्र मात्र नव्या पडद्याने चालू झालं होतं. काबूताने किनाऱ्याचा पाइप काढून बाहेरच्या समुद्राच्या बाजूला, खडकापलीकडे नेला होता. मग ताबोनमारेतून होड्या निघू लागल्या. कोणाची तिकडे बहीण होती, कोणाचा मामेभाऊ, कोणाची नुसती जुनी उधार दिलेली सायकल. जायचं, चटईवर बसायचं, बुबुसी म्हणायचं आणि घरासाठी एक डबा पाणी घेऊन यायचं. घरागणिक एक माणूस गेला. फक्त एका घरातून कोणी गेलं नाही.

"जावईबुवा, होडीत जागा आहे," ब्वेरे रोज सांगायचा.

"आमच्याकडे आहे पाणी. साठवलेलं."

"कुठे साठवलंत?"

"आहे."

आपल्या हाताने गावाचं पाणी घालवलं, आता कोणत्या तोंडाने मागायचं, हे एक. आणि ज्यांना आपण दिलं त्यांच्याच दारात जाऊन बसायचं म्हणजे दिलेलं परत मागणं, हे दुसरं. शिवाय तिसरी गोष्ट होती, ती त्याने कोणाला सांगितली नाही. त्याला मागता येतच नव्हतं. कसं बसायचं, नीरेचे किती घोट झाल्यावर तो शब्द काढायचा, तेव्हा डोळे कुठे ठेवायचे. बेटावरचं पोर चालायला लागायच्या आधी जे शिकतं ते या साठीच्या माणसाला ठाऊक नव्हतं.

ब्वेरेची बायको एकदा तांब्याभर पाणी घेऊन आली. आरोइता अंथरुणावर होती. ती म्हणाली, "वहिनी, तुझ्या नातवंडांना दे ते. आमच्याकडे आहे. तोरोमोनने पिंप भरून ठेवलंय, बघतेस ना?" आणि कोपऱ्यातल्या पिंपाकडे बोट केलं. पिंपात विहिरीचं पाणी होतं. ते दोघं उकळून, चहाची पत्ती टाकून पीत होते. उकळल्याने जंतू मरतात. मीठ कुठे मरतं? पण नवऱ्याने तीस वर्षं जपलेली गोष्ट आपल्या तोंडून मोडायची नाही, असं तिने ठरवलं होतं. ती वहिनीसमोर हसली, चादर ओढून सुजलेले पाय झाकले, आणि वहिनी तांब्या घेऊन परत गेली.

मग तिला जुलाब सुरू झाले. सहाव्या दिवशी ताओरिबाबाई आल्या. त्यांनी सुईटोचणीची पिशवी खाली ठेवली, नाडी पाहिली, पोटऱ्या दाबल्या; बोटांचे खड्डे तसेच राहिले. मग त्यांनी उशाशी ठेवलेला पेला उचलला, एक घोट घेतला आणि तो दारातून बाहेर थुंकला.

"हे पाजतोस तू हिला?"

"उकळून देतो," तोरोमोन म्हणाला.

"मीठ पाजतोस! तिची मूत्रपिंडं मेलीत अर्धी, त्यांना मीठ पाजतोस! आणि गावभर सांगतोस पाणी आहे म्हणून?"

"त्याला बोलू नकोस, ताओरिबा," आरोइता हळूच म्हणाली. "मीच सांगत होते."

"तू गप्प बस, मूर्ख बाई. दोघंही सारखेच." बाईंचा आवाज फुटला. "विमान महिनाभर फिरकलेलं नाही. बोट येतेय येतेय म्हणतात, ती कुठल्यातरी बंदरात इंजिन उघडून बसलीय. माझ्याकडे जुलाबावरच्या क्षाराच्या पुड्या आहेत, त्या मी कशात कालवू? तुझ्या अब्रूत?"

तोरोमोन उभा राहिला. रिकामा डबा उचलून किनाऱ्याकडे चालू लागला. ब्वेरे होडी ढकलायला आला. होडी पाण्याला लागेपर्यंत त्याने खांदा काढला नाही.

वारा चांगला होता. अर्ध्या दिवसात आनाबूके आलं. किनाऱ्यावरून पोरांनी त्याची होडी ओळखली आणि ओरडत गावात पळाली. तो शेडपाशी पोचला तेव्हा पंप बंद होता. बायका डबे घेऊन रांगेत उभ्या होत्या, कोणी हलत नव्हतं. काबूता हातात मोठा पाना घेऊन नळीपाशी वाकली होती. चारांपैकी तीन बोल्ट तिने काढून ठेवले होते.

"काय करतेस?"

"पडदा काढतेय, गुरुजी." तिने वर पाहिलं नाही. "तुमचं यंत्र बसलंय, हे माहीत आहे. तुम्ही येणार हेही माहीत होतं. उगाच तुम्हाला बोलायला लागू नये. ओला कपडा गुंडाळून देते, वाटेत सुकायला नको."

रांगेतली एक बाई पोराला कडेवर घेऊन उभी होती. पोराच्या मान-खांद्यांची नुसती हाडं राहिली होती, पण ते आता मान धरत होतं. बाईने डबा खाली ठेवला, पोराला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि दुसरीकडे पाहू लागली. कोणी रडलं नाही, कोणी विनवलं नाही. ज्याने दिलं त्याने परत मागितलं, तर देऊन टाकायचं. यात बोलण्यासारखं होतं काय?

तोरोमोनने तिच्या हातातून पाना घेतला आणि एकेक बोल्ट परत आवळायला लागला.

"मग कशाला आलात?" काबूताने विचारलं.

"दाब बघायला." तो म्हणाला. त्याने काट्याकडे पाहिलं, चाळणी काढून झटकली, पंप चालू केला. पाणी आलं. रांग सैलावली, कोणीतरी हसलं. त्याचं काम संपलं. आता शब्द काढायचा होता. तो शेडच्या उंबऱ्यावर बसला, उठला, परत बसला. डबा पाठीमागे ठेवला, मग पुढे ठेवला. घामाने त्याचा सदरा अंगाला चिकटला.

काबूता बघत होती. तिला हळूहळू उमगलं. तिने हात पुसले, समोर येऊन मांडी घातली आणि करवंटीत नीरा ओतून त्याच्या हातात दिली.

"दोन घोट घ्या आधी," ती हळू आवाजात म्हणाली, जसं पोराला अक्षर शिकवावं. "हं. आता थोडं इकडचं तिकडचं बोला."

"आरोइता आजारी आहे," तोरोमोन म्हणाला.

काबूताचा चेहरा उतरला.

"बुबुसी, काबूता," तो म्हणाला. "एक डबा."

डबा काबूताने भरला नाही. रांगेतल्या बायकांनी आपापल्या डब्यातून एकेक करवंटी ओतून तो भरला. भरेपर्यंत ओहोटी लागली. खाजणातली वाळू उघडी पडली आणि होडी तिरकी होऊन बसली. पुढच्या भरतीशिवाय ती हलणार नव्हती. पाणी आणायला निघालेला माणूस पाण्याचीच वाट बघत किनाऱ्यावर बसला, डबा मांडीत घेऊन.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो घरी पोचला. ताओरिबाबाईंनी पुडी कालवली, चमच्याने पाजलं. आरोइता सगळं प्यायली. "जड गेलं का मागायला फार?" तिने विचारलं.

"नाही. सोपं असतं," तो म्हणाला.

बाईंनी त्याला बाहेर बोलावलं. दोन दिवसांपासून लघवी नाही, त्या म्हणाल्या. आठवड्यापूर्वी हे पाणी असतं तर. त्यांनी रिकाम्या पुडीची घडी घातली.

त्यानंतरचे तीन दिवस ताबोनमारे गाव विसरणार नाही. तोरोमोन मागत सुटला. सकाळी पहिल्याच घरी गेला, धड बसलाही नाही, नीराही घेतली नाही, दारातूनच म्हणाला, "बुबुसी, मऊ चटई." पुढच्या घरी उशी. त्या पुढच्या घरी पंखा. पाद्रीबुवांकडून त्यांची आरामखुर्ची उचलून आणली. कोणाकडून ताजा मासा, तो आरोइताला खाता येणार नव्हता तरी. कोणाकडून रेडिओ. कोणाकडून तिच्या केसांत माळायला फुलं, त्या दुष्काळात फुलं! एका म्हातारीने विहिरीकाठच्या शेवटच्या रोपाची फुलं खुडून दिली. ज्याच्या दारात तो जाईल तो माणूस आधी उभाच राही, मग धावत आत जाई. काही जण तर दारात येऊन थांबले, आपल्याकडे कधी येतो म्हणून. घर भरून गेलं. ताओरिबाबाईंना पलंगापर्यंत जायला वाट उरेना.

"पुरे आता," आरोइता पडल्या पडल्या म्हणाली. ओठ हसले, आवाज आला नाही. "गाव सोडून पळतील लोक."

"अजून काय हवं?" तो विचारत राहिला. "सांग ना. अजून कोणाकडून काय आणू?"

तिने डोळे मिटले. काही सांगितलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी, मासेवाल्या होड्या परत येत असताना, ती गेली.

बोट त्यानंतर अकराव्या दिवशी पडदा घेऊन आली. तो त्याने बसवला, यंत्र चालू झालं, ते सगळं पुढचं. आरोइता गेली त्या दिवशी मात्र तिला तिच्या बापाच्या जमिनीत, घराशेजारी, माडांखाली पुरलं. दोन्ही गावं आली होती. माती लोटून झाली, पांढरे खडे पसरून झाले, लोक मानेआबाकडे निघाले. तोरोमोन तिथेच उभा राहिला. ब्वेरेही थांबला.

तोरोमोन खाली बसला. खड्यांवर दोन्ही तळवे टेकले.

"ब्वेरे."

"बोल."

"इथे माझी जमीन नाही. तुमची आहे." त्याने एक सरकलेला खडा जागेवर लावला. "तिच्या शेजारी एक जागा. बुबुसी."

ब्वेरे जड अंगाने थडग्याच्या कडेला आला आणि मोजून पावलं टाकू लागला. वाटेत डुकराची खुंटी आली, ती त्याने उपटून बाजूला फेकली. आणखी एक पाऊल टाकलं, टाचेने वाळूत रेघ ओढली, आणि तोरोमोनकडे बघून म्हणाला,

"इथपर्यंत. तंगड्या लांब आहेत तुझ्या."